उरलेल्या लोकरीतून दुसऱ्यांसाठी विणताना

तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात आम्ही पाच-सहा जणी विणलेल्या तीस टोप्या घेऊन एका सरकारी रुग्णालयाच्या बाळंतीण कक्षात गेलो होतो. तिथल्या सिस्टरनी पहिली टोपी हातात घेतली आणि वरची नक्षी पाहण्याआधी ती उलटी केली. आतून बोट फिरवले, दोन रंग जिथे जोडले होते तिथली गाठ चिमटीत धरून ओढली, मग टोपीत मूठ घालून पाहिली आणि म्हणाल्या, “अक्का, काम सुरेख आहे, पण ही बाळाच्या डोळ्यांवरून नाकापर्यंत येईल. आणि ही गाठ त्याच्या टाळूला टोचेल.” तीसपैकी अकरा टोप्या त्यांनी ठेवून घेतल्या. बाकीच्या आम्ही घरी आणून उसवल्या.

चूक आमची होती. घरात लोकर उरली होती, हात मोकळे होते, म्हणून आम्ही विणायला बसलो. कोणाच्या डोक्याला किती मापाची, कशाची आणि कशी धुतली जाणारी टोपी हवी, हे कोणालाच विचारले नव्हते. उरलेल्या लोकरीतून दुसऱ्यासाठी काही करायचे असेल तर पिशवी उघडण्याआधी घेणाऱ्याकडे जाऊन यावे लागते. पुढे लिहिलेला क्रम त्या एकोणीस उसवलेल्या टोप्यांतून तयार झाला आहे.

आधी विचारून यावे

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात थंडी साधारण कार्तिकापासून महाशिवरात्रीपर्यंत असते, आणि पश्चिमेकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिनेही अंगात ओल भरवणारे असतात. त्यामुळे विचारपूस ज्येष्ठ-आषाढात करावी, विणकाम पावसाळ्यात करावे आणि वस्तू दिवाळीच्या सुमारास पोहोचवाव्यात. मार्गशीर्षात विणायला घेतलेली शाल हातात येईपर्यंत थंडी निम्मी सरलेली असते.

आपल्या भागात घेणारे मुख्यतः तीन प्रकारचे आहेत, आणि तिघांच्या गरजा एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. पहिली रुग्णालयातली नवजात बाळे, त्यांतही अडीच किलोपेक्षा कमी वजनाची. दुसरे वृद्धाश्रमातले आणि घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध. तिसरी ऊसतोड मजुरांची मुले. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात, आणि ही कुटुंबे तो सगळा काळ शेताच्या किंवा कारखान्याच्या कडेला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभारून काढतात. माझ्या मते पहिल्या वर्षी यांतला एकच गट धरावा.

रुग्णालयात कक्षाच्या प्रमुख सिस्टरांना भेटून चार गोष्टी विचाराव्यात: महिन्याला साधारण किती टोप्या लागतात, बाळे किती वजनाची असतात, टोपी बाळाबरोबर घरी जाते की कक्षातच राहते, आणि कक्षात राहत असेल तर ती कशी धुतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. कपडे उकळून काढत असतील तर लोकर आणि ॲक्रिलिक दोन्ही बाजूला ठेवून सुती दोराच घ्यावा लागतो. वृद्धाश्रमात गेल्यावर व्यवस्थापकांइतकेच तिथल्या आजी-आजोबांशीही बोलावे. शाल हवी असेल असे धरून आपण जातो आणि त्यांना हवे असतात गुडघ्याला घालायचे पट्टे, कारण शाल खांद्यावरून घसरते आणि ती उचलायला वाकता येत नाही. ऊसतोड कुटुंबांकडे जायचे तर संध्याकाळी जावे. तोडीवरची माणसे उजाडण्याआधी फडात गेलेली असतात. मुकादमाला आधी सांगून ठेवावे, पण मापे आयांना विचारून घ्यावीत.

पिशवीतली लोकर ओळखणे

आपल्या बोलण्यात मऊ आणि फुगीर अशा कोणत्याही दोऱ्याला लोकरच म्हणतात. कन्नडमध्ये तिला उण्णे म्हणतात आणि तिथेही हीच गल्लत होते. दुकानात मिळणारी बरीचशी लोकर प्रत्यक्षात ॲक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात तयार केलेला कृत्रिम धागा. गुंड्यावरची कागदी पट्टी शाबूत असेल तर त्यावर लिहिलेले असतेच, परंतु उरलेल्या गुंड्याची पट्टी कोणी जपून ठेवत नाही.

ओळख पटवण्यासाठी दोऱ्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर मेणबत्तीच्या ज्योतीला लावावा. शेजारी पाण्याचे भांडे असावे, लहान मुले जवळ नसावीत आणि ओढणी किंवा पदर आवळून घ्यावा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे राहिलेली राख बोटाने चुरडली जाते. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि करडी, मऊ राख पडते. ॲक्रिलिक वितळत जळते, ज्योत काढून घेतली तरी जळत राहते आणि शेवटी काळा, टणक मणी उरतो. तो मणी गार होईपर्यंत त्याला हात लावू नये. मिश्र धागा मिश्र खुणा दाखवतो. त्याच्या बाबतीत एक सावध नियम पाळावा: विस्तवापुढे त्याला ॲक्रिलिक समजावे आणि गरम पाण्यापुढे खरी लोकर समजावे.

ही परीक्षा कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. कोपीत स्वयंपाक चुलीवर होतो आणि थंडीत सगळे घर शेकोटीभोवती बसते. ॲक्रिलिक पेटले की वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि घोंगडे पांघरून शेकोटीजवळ बसणाऱ्या धनगर-कुरुबांना हे कोणी सांगावे लागत नाही. म्हणून उरलेल्यातली खरी लोकर, ती कितीही थोडी असली तरी, विस्तवाजवळ राहणाऱ्या मुलांसाठी वेगळी काढावी. त्यांच्या कोणत्याही वस्तूला गोंडे, झालर किंवा लोंबती दोरी लावू नये. याउलट बाळाच्या टोपीसाठी मऊ ॲक्रिलिक चांगले, कारण ते टोचत नाही, घरच्या साध्या धुण्यात आटत नाही आणि कणकुंबीच्या पावसातही लोकरीपेक्षा लवकर वाळते. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून जाड पुठ्ठ्यासारखी होते. त्यामुळे एकाच वस्तूत लोकर आणि ॲक्रिलिक एकत्र करू नये. पहिल्याच धुण्यात एक पट्टा आवळतो, दुसरा तसाच राहतो आणि सगळी वस्तू वेडीवाकडी होते.

प्रकार वेगळे झाल्यावर प्रत्येक गुंडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावा आणि वजनाची चिठ्ठी त्याला बांधावी. आमच्या काट्यावर नवजात बाळाची टोपी १५ ते २५ ग्रॅममध्ये होते, पाच वर्षांच्या मुलाची ४५ ते ५० ग्रॅममध्ये आणि वीस सेंटीमीटरचा एक चौकोन साधारण २० ग्रॅममध्ये. वजन समोर असले की कोणत्या गुंड्याचे काय होईल हे विणायला बसण्यापूर्वीच ठरते आणि शेंड्यापाशी येऊन लोकर संपण्याची वेळ येत नाही.

बाळाची टोपी

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि ते उघडे राहिले तर बाळाच्या अंगातली ऊब तिथून झपाट्याने जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही ती वापरली जाते. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेच असते. मापाची टोपी किती कामाची आहे, हे यावरून लक्षात येईल.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी ठेवावी, म्हणजे ती ताणून बसते आणि घसरत नाही. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे दहा सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. तेवढे बसतात का, हे आधी लहान तुकडा विणून मोजून पाहावे. टाके जास्त बसले तर सुई एक माप जाड घ्यावी, कमी बसले तर बारीक घ्यावी.

सुईवर ७२ टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी तीन सेंटीमीटर विणावी. पुढे एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट आणि एक सुई उलट असे विणत सुरुवातीपासूनची उंची दहा सेंटीमीटर होऊ द्यावी. मग घट सुरू होते. सुलट सुईवर सहा टाके विणून पुढच्या दोन टाक्यांचा एक करावा आणि ओळ संपेपर्यंत हेच करत जावे, की ६३ टाके उरतात. परतीची सुई उलट विणावी. पुढच्या सुलट सुईवर पाच टाके विणून दोनाचा एक, त्यानंतरच्या सुलट सुईवर चार टाके विणून दोनाचा एक, असे उतरत जावे. प्रत्येक सुलट सुईवर नऊ टाके कमी होतात आणि शेवटच्या सुईवर सगळ्याच टाक्यांचे दोनाचा एक केल्यावर नऊ उरतात. शिवणीलाही पुरेल इतका दोरा ठेवून तोडावा, बोथट टोकाच्या मोठ्या सुईने तो नऊ टाक्यांतून ओवून आवळावा आणि त्याच दोऱ्याने बाजूची शिवण सपाट घालावी. शिवणीचा उंचवटा बाहेरच्या बाजूला आला तर उत्तम, कारण आत बाळाची कातडी असते.

हीच रीत सगळ्या मापांना चालते, फक्त टाके आठाच्या पटीत धरावेत. कमी वजनाच्या, साधारण ३०-३१ सेंटीमीटर घेराच्या डोक्यासाठी ६४ टाके घालून आठ सेंटीमीटरवर घट सुरू करावी. त्याहून लहान बाळासाठी ५६ टाके पुरतात. ऊसतोड मजुरांच्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या डोक्याचा घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्यांच्यासाठी १०४ टाके घालून पंधरा सेंटीमीटरवर घट करावी. या मुलांना कान झाकलेले हवे असतात, तेव्हा खालची पट्टी दुप्पट विणून दुमडता येईल अशी ठेवावी.

रंग बदलताना गाठ मारायची नाही, हा नियम आम्ही आता कोणत्याही कारणाने मोडत नाही. जुना आणि नवा दोरा बोटभर सोडून ठेवावा आणि नंतर त्यांची टोके सुईने आपापल्या रंगाच्या टाक्यांत आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवून टाकावीत. बाळाच्या वस्तूत दोन रंगांची नक्षी घालू नये. आतून जाणारे मोकळे दोरे बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात, आणि असा दोरा आवळला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. जाळीदार क्रोशा, बटणे, मणी आणि रिबिनीही याच कारणांसाठी टाळाव्यात. उरलेले रंग खपवायला आडवे पट्टे पुरेसे असतात, आणि ते दिसतातही छान.

चौकोन आणि पांघरूण

दहा, पंधरा, पंचवीस ग्रॅमचे वेगवेगळे गुंडे जमले असतील तर चौकोनांचे पांघरूण हा सर्वांत चांगला उपाय आहे. जुन्या लुगड्यांची वाकळ ज्यांनी घरी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. कन्नड शेजारणी तिलाच कौदी म्हणतात. माप मात्र सर्व जणींनी एकच धरावे. आम्ही बाजू वीस सेंटीमीटर धरतो, आणि आडवे पाच, उभे सात असे पस्तीस चौकोन जोडून लहान मुलाला पायापासून खांद्यापर्यंत पुरेल असे पांघरूण होते. ठरलेल्या मापाची ताकद चेन्नईत दिसली होती. ३१ जानेवारी २०१६ रोजी तिथे ठिकठिकाणच्या बायकांनी पाठवलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. प्रत्येक तुकडा स्वतंत्र पांघरुणाच्या मापाचा असल्यामुळे नंतर ते वेगळे करून वाटता आले.

चौकोन कोपऱ्यातून विणावा. उरलेल्या लोकरीसाठी याहून सोयीची रीत मला माहीत नाही. तीन टाके घालावेत. सगळ्या सुया सुलटच विणायच्या आणि प्रत्येक सुईच्या पहिल्या टाक्यात दोनदा विणून एकाचे दोन करायचे. त्रिकोण वाढत जातो. त्याची तिरकी बाजू वीस सेंटीमीटर झाली की उलटा प्रवास सुरू करावा: प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका विणून पुढच्या दोनाचा एक करत जावे आणि तीन टाके उरले की बंद करावे. काट्याचा खरा उपयोग इथे होतो. गुंडा १४ ग्रॅमचा आहे आणि त्यात पूर्ण चौकोन बसणार नाही, हे दिसतेच. मग तो निम्म्यावर, म्हणजे काट्यावर ७ ग्रॅम उरल्यावर, दुसऱ्या रंगाला जागा द्यावी. ७ ग्रॅम पहिल्या कोपऱ्याला, मधला रुंद पट्टा दुसऱ्या रंगाचा आणि शेवटचा कोपरा पुन्हा पहिल्याच रंगाचा, असा चौकोन होतो. उरलेल्यातून केल्यासारखा तो दिसत नाही. आमच्यातल्या एका मावशींनी असे तेवीस चौकोन सलग विणले आणि त्यांच्या पिशवीत शेवटी मूठभरच दोरे राहिले.

चौकोन जोडण्याआधी सतरंजीवर मांडून पाहावेत आणि एकाच रंगाचे दोन शेजारी येऊ देऊ नयेत. जोडण्यासाठी आणि कडेसाठी मात्र उरलेली लोकर वापरू नये. राखाडी किंवा गडद निळ्या रंगाची सव्वाशे ग्रॅम लोकर मुद्दाम विकत आणावी. तो एक रंग सगळीकडून गेला की पस्तीस परके चौकोन एका घरचे वाटू लागतात. विणलेल्या कापडातून वारा आत येतो, म्हणून पांघरुणाला मागून जुन्या सुती साडीचे अस्तर लावावे आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर दोन-दोन टाके घालून ते पक्के करावे. कोपीसाठी केलेल्या पांघरुणाला अस्तर हवेच.

पाच ग्रॅमपेक्षा कमी लोकर गुडघापट्टीच्या एखाद्या ओळीत जिरते. बोटभर तुकडे वृद्धांच्या टेकायच्या उशीत भरावेत. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून ते बाहेर टाकू नयेत, त्यांच्या पायांत दोरा अडकतो.

धुणे, ठेवणे

वस्तू तयार झाल्यावर कोमट पाण्यात साध्या, वास नसलेल्या साबणाने एकदा धुवावी. मरून, गडद लाल आणि काळ्या रंगांची परीक्षा आधीच घ्यावी: दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबावा आणि तासाभराने पाहावे. रंग लागला तर तो गुंडा बाळांच्या कामातून काढून टाकावा. वस्तू पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सपाट वाळवावी. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर त्याचा फुगीरपणा जातो, कापड लोळागोळा होते आणि ते परत पूर्ववत होत नाही.

जुनी लोकर डांबरगोळ्यांत ठेवायची आपल्याकडे सवय आहे. बाळांच्या बाबतीत ती धोक्याची आहे, आणि हे मी फार आग्रहाने सांगते. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य रक्तात कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. असा दोष आपल्या बाळात आहे, हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतही नसते. डांबराचा वास असलेला गुंडा धुतला तरी बाळासाठी वापरू नये. तो मोठ्यांच्या गुडघापट्ट्यांत घालावा. तयार वस्तू कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत ठेवाव्यात आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून पसराव्यात.

चिठ्ठी आणि पोहोच

प्रत्येक वस्तूला टाचणीने नव्हे, तर दोऱ्याने एक लहान चिठ्ठी बांधावी, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. डोक्याचा घेर, धागा कोणता आणि कसे धुवायचे एवढेच लिहावे. टोपी आणि इस्त्री हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. “बिसि नीरु बेड, इस्त्री बेड”, म्हणजे गरम पाणी नको, इस्त्री नको, असे कन्नड शेजारणीकडून नीट लिहून घ्यावे. ॲक्रिलिकच्या वस्तूवर “चुलीजवळ वापरू नये” ही ओळ दोन्ही भाषांत असलीच पाहिजे, आणि वाचता न येणाऱ्या आईला ती तोंडीही सांगावी.

मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्या कराव्यात आणि त्या ठरलेल्या व्यक्तीच्या हातात द्याव्यात. वाटपाचा कार्यक्रम, हार आणि फोटो यांची गरज नाही. थंडीने काकडणाऱ्या मुलाला टोपीसाठी रांगेत उभे करून त्याचा फोटो काढणे मला योग्य वाटत नाही. किती वस्तू, कोणत्या मापाच्या आणि कोणाकडे दिल्या, एवढी नोंद वहीत ठेवली की पुढच्या आषाढातले काम सोपे होते.

दिल्यानंतर दोन महिन्यांनी, पौषात, काहीही हातात न घेता एकदा परत जावे आणि वापरून धुतलेली एखादी वस्तू पाहायला मागावी. गेल्या वर्षी कोपीतल्या एका आईने मुलाची टोपी काढून दिली. तीही आम्ही आता आधी उलटीच केली. रंगांचे जोड सगळे जागेवर होते, पण शेंड्याचा दोरा दोन बोटे बाहेर आला होता आणि भोवतालचे चार टाके सैल पडले होते. कारण तो दोरा आम्ही शिवणीतच नेला होता, शेंड्यावर फिरवला नव्हता. तिथेच बसून तो आत घेतला. तेव्हापासून नऊ टाके आवळल्यावर दोरा त्याच नऊ टाक्यांतून दुसऱ्यांदा फिरवतो, शेंड्याभोवती तीन दिशांना ओवतो आणि मगच शिवणीकडे वळवतो.